पहिला आला, तरी पहिलं बक्षीस दुसऱ्याला : पॅरिस–बोर्दो–पॅरिस, १८९५

१३ जून १८९५. दुपारचा एक वाजायला अडीच मिनिटं होती. पॅरिसच्या वेशीवर, पोर्त मायो इथं, धुळीनं माखलेली एक उघडी मोटार येऊन थांबली. तिच्यावर ५ हा आकडा होता. सुकाणूचा दांडा धरून बसलेले गृहस्थ ५२ वर्षांचे होते. नाव एमिल लेव्हासॉर. शेजारी त्यांचा मेकॅनिक दोस्तांग. दोन दिवसांपूर्वी दुपारी बाराच्या सुमारास ते व्हर्सायहून निघाले होते. तिथून बोर्दो आणि बोर्दोहून परत पॅरिस असं ११७८ किलोमीटरचं अंतर त्यांनी ४८ तास ४८ मिनिटांत कापलं होतं. बदली चालक न घेता सगळा रस्ता लेव्हासॉर एकटे चालवत आले.

दुसऱ्या क्रमांकाची गाडी त्यांच्यानंतर जवळजवळ सहा तासांनी पोहोचली आणि तिसरी बरोबर अकरा तासांनी. बक्षिसं जाहीर झाली तेव्हा ३१,५०० फ्रँकचं पहिलं बक्षीस मिळालं ते या तिसऱ्या गाडीला. लेव्हासॉरच्या वाट्याला १२,६०० फ्रँकचं दुसरं बक्षीस आलं.

हा प्रसंग बहुतेक ठिकाणी ‘खऱ्या विजेत्यावर झालेला अन्याय’ म्हणून सांगितला जातो. मीही कित्येक वर्षं तो तसाच सांगत होतो. नियम, माणसं आणि यंत्रं नीट शेजारी मांडून पाहिल्यावर मात्र माझं मत बदललं. अन्याय झाला असं मला आता वाटत नाही. मोटार कशासाठी आहे, या प्रश्नाची दोन उत्तरं त्या जूनमध्ये एकाच रस्त्यावर धावत होती. नियमांनी एक उत्तर निवडलं आणि लोकांनी दुसरं.

करवतीच्या कारखान्यातून मोटार

पानार ए लेव्हासॉर ही मुळात मोटारींची कंपनी नव्हती. पॅरिसच्या आव्हन्यू दिव्हरीवरच्या तिच्या कारखान्यात लाकूडकामाची यंत्रं तयार होत, त्यातही पट्टा-करवतीसाठी तिचं मोठं नाव होतं. कारखाना मूळचा पेरँ यांचा. पुढे रने पानार भागीदार झाले आणि १८७२ मध्ये लेव्हासॉर आले. पेरँ गेल्यावर १८८६ पासून कंपनीला ही दोन नावं लागली.

इंजिन त्यांच्याकडे आलं ते एका बाईमुळे. एदुआर साराझँ हे डाइमलर इंजिनांचे फ्रान्समधले प्रतिनिधी होते. १८८७ च्या डिसेंबरात ते वारले. त्यांच्या पत्नी लुईज यांनी हा व्यवहार सुटू दिला नाही. स्वतः जर्मनीत कानश्टाटला जाऊन त्यांनी गोटलिब डाइमलर यांच्याशी बोलणी केली आणि फ्रान्ससाठीचे हक्क आपल्याकडे राखले. इंजिनं प्रत्यक्ष बनवायला साराझँनी आपल्या हयातीतच लेव्हासॉरना गाठलं होतं. १८९० च्या मे महिन्यात लुईज आणि लेव्हासॉर यांचं लग्न झालं. मोटारीच्या इतिहासात लुईज यांना एक-दोन ओळींच्या वर जागा मिळत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या तेव्हा कानश्टाटला गेल्या नसत्या, तर फ्रान्समधला हा उद्योग कदाचित दुसऱ्याच कुणाच्या दारात उभा राहिला असता.

सुरुवातीला लेव्हासॉर इंजिनं दुसऱ्यांनाही देत होते. आर्मां प्यूजो यांच्या पहिल्या पेट्रोल गाड्यांत याच कारखान्यातली इंजिनं होती. म्हणजे १८९५ मध्ये जे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, त्यांचं पाणी एकाच विहिरीचं होतं.

१८९१ मध्ये लेव्हासॉरनी इंजिन उचलून गाडीच्या पुढच्या टोकाला बसवलं. त्यामागे क्लच, क्लचमागे गिअरबॉक्स आणि तिथून मागच्या चाकांना साखळीनं ताकद, अशी ही मांडणी होती. तोवर मोटार म्हणजे घोडा काढून घेतलेली बग्गी होती, इंजिन सीटखाली कुठंतरी कोंबलेलं असायचं. पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या लेव्हासॉरच्याच मांडणीवर चालल्या.

गिअरबॉक्सही त्यांचाच: एका दांड्यावर सरकणारे दंतचक्र दुसऱ्या दांड्यावरच्या दंतचक्रात सरळ घुसवायचं. जुन्या ट्रकवर हात बसलेल्या ड्रायव्हरला हे वेगळं समजावावं लागणार नाही. डबल क्लच चुकला की जो करकराट होतो, त्याचा उगम इथं आहे. ‘रांगडं आहे, पण चालतं’ अशा अर्थाचं फ्रेंच वाक्य लेव्हासॉरच्या नावावर सांगितलं जातं.

आधीच्या वर्षीचा निकाल

१८९५ समजायला १८९४ पाहावं लागतं. ‘ल पती जुर्नाल’ या पॅरिसच्या दैनिकानं २२ जुलै १८९४ ला पॅरिस ते रुआँ अशी घोडाविरहित गाड्यांची स्पर्धा भरवली. सूत्रधार होते पिएर जिफार. १८९१ ची पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस सायकल शर्यतही याच माणसाची. १०२ जणांनी नावं दिली. अर्जांत पेट्रोल आणि वाफ होतीच, शिवाय दाबलेली हवा, वीज आणि प्रवाशांच्या वजनावर गाडी चालवण्याच्या कल्पनाही होत्या. प्रत्यक्ष निघाल्या २१ गाड्या.

जिफारनी शर्यत हा शब्द टाळला. गाडी धोकादायक नसावी, चालवायला सोपी असावी आणि रस्त्यावर फार खर्चिक पडू नये, या तीन कसोट्या त्यांनी लावल्या. १२६ किलोमीटरवरच्या रुआँला सगळ्यांत आधी पोहोचला तो काउंट आल्बेर द दियों यांचा वाफेवरचा ट्रॅक्टर. त्याला ६ तास ४८ मिनिटं लागली. मागोमाग साडेतीन मिनिटांनी लमेत्र यांची प्यूजो आली. पण द दियों यांच्या यंत्राला चालकाखेरीज भट्टी सांभाळणारा माणूसही लागत होता, म्हणून ते ‘चालवायला सोपं’ ठरलं नाही. पहिलं बक्षीस प्यूजो आणि पानार ए लेव्हासॉर यांच्यात वाटलं गेलं आणि द दियों दुसरे ठरले.

म्हणजे पहिला येणारा पहिल्या बक्षिसाला मुकला, हे १८९५ मध्ये नवीन नव्हतं. आदल्या वर्षी त्याच न्यायाचा फायदा लेव्हासॉरच्या कंपनीनं घेतला होता.

चार आसनांचा नियम

१८९४ च्या अखेरीस द दियों, बॅरन द झुइलेन आणि त्यांच्या मित्रांनी समिती नेमली. या वेळी जाऊन-येऊन बोर्दो, थेट वेळेवर शर्यत. वर्गणीतून सुमारे ७०,००० फ्रँकचा निधी उभा राहिला. देणगीदारांत वृत्तपत्राचे मालक जेम्स गॉर्डन बेनेट आणि व्हँडरबिल्ट हे धनाढ्य अमेरिकनही होते. मर्यादा १०० तासांची. चालक बदलायला परवानगी होती. दुरुस्ती करायची ती मात्र गाडीत बरोबर नेलेल्या साहित्यानंच. आणि एक अट अशी: पहिलं बक्षीस दोनाहून जास्त आसनं असलेल्या गाडीलाच मिळेल.

ही अट वाचून हसणं सोपं आहे, पण १८९५ च्या नजरेनं पाहिलं तर ती शहाणपणाची होती. रस्त्यावर तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. सामान्य माणसाच्या लेखी मोटार म्हणजे श्रीमंतांचं खूळ. ती घोडागाडीची जागा घेणार असेल, तर तिच्यात घरची माणसं बसायला हवीत. वेग मोजायचा, पण उपयोगी गाडीचा, असं समितीला म्हणायचं होतं. १८९४ च्या तीन कसोट्यांमागचा उपयुक्ततेचा विचार तिनं आसनांच्या रूपानं मागच्या दारानं आत आणला.

शेजारच्या इंग्लंडमध्ये तर त्या वेळी यांत्रिक वाहनाला गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार मैलांपलीकडे जायची मुभा नव्हती. हा कायदा १८९६ च्या नोव्हेंबरात सैल झाला. फ्रान्सकडे सरळसोट, पक्के राष्ट्रीय रस्ते होते आणि सायकलवाल्यांनी बोर्दोची वाट आधीच मळवून ठेवली होती. मोटारीच्या शर्यती फ्रान्समध्ये जन्मल्या याचं मोठं कारण मला या रस्त्यांत दिसतं.

लेव्हासॉरनी अट वाचली होती. त्यांच्या कारखान्यात मोठी गाडी करण्याची ताकद होती. तरी त्यांनी शर्यतीत आणली ती दोन आसनांची गाडी. म्हणूनच अन्यायाची भाषा मला पटत नाही. पहिल्या बक्षिसावर पाणी सोडून हा माणूस घड्याळाशी शर्यत लावायला आला होता.

दांड्यावरच्या दोन रात्री

या गाडीकडे जरा जवळून पाहू. इंजिन फेनिक्स जातीचं, शेजारी-शेजारी उभे दोन सिलिंडर, १२०५ घनसेंटिमीटर, मिनिटाला सुमारे ८०० फेरे आणि ताकद जेमतेम चार अश्वशक्ती. स्पार्क प्लग नाही. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यातून प्लॅटिनमची छोटी नळी बाहेर आलेली आणि तिच्याखाली बर्नर अखंड पेटता. नळी लाल तापली की आतलं मिश्रण पेट घेतं. असं इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या आसपासच चालतं. म्हणजे गाडीचा वेग बदलायचा तो मुख्यत्वे गिअर बदलूनच. चढ आला की तो रांगडा दांडा ओढा, उतार आला की पुन्हा ढकला. चाकांवर भरीव रबर होतं. स्टिअरिंगचं चक्र नव्हतं, उभा दांडा होता. चाकाला बसलेला प्रत्येक दगड चालकाच्या मनगटाला कळायचा. रात्री उजेड तेलाच्या दिव्यांचा, तोही पुढच्या काही पावलांपुरता. कमाल वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास.

सुरुवातीला द दियों यांची वाफेची गाडी पुढे होती. पण वाफेला पाणी लागतं आणि पाण्यासाठी थांबावं लागतं. अशाच एका थांब्यावर लेव्हासॉर पुढे निघून गेले आणि मग कुणाच्या हाती लागले नाहीत. द दियों यांची गाडी पुढे मोडतोड होऊन बाद झाली.

ऑर्लेआँ, तूर, प्वातिए अशी गावं मागे पडली. प्वातिएपलीकडे रुफेक इथं बदली चालक घेऊन लेव्हासॉर झोपणार, असं ठरलेलं होतं. ते तिथं पोहोचले पहाटे साडेतीनच्या सुमारास. ठरल्या वेळेच्या इतके आधी, की बदली चालक हॉटेलात गाढ झोपला होता. त्याला उठवून तयार करण्यात वेळ घालवण्यापेक्षा लेव्हासॉर तसेच पुढे निघाले. सकाळी १०:४० ला बोर्दो. तिथं थोडं खाणं, एक पेला शँपेन, पाय मोकळे करायला चार पावलं आणि लगेच परत. परतीच्या वाटेवर रुफेकला बदली चालक जागा होता, पण आता लेव्हासॉरनाच दांडा सोडवेना.

या सगळ्यात मला विलक्षण वाटते ती गाडीची सरासरी. ११७८ किलोमीटरला ४८ तास ४८ मिनिटं म्हणजे ताशी सुमारे २४ किलोमीटर. गाडीचा कमाल वेगच ३० होता. कमाल आणि सरासरी इतकी जवळ आली, याचा अर्थ गाडी जवळजवळ थांबलीच नाही. सगळ्यांत लांब थांबा २२ मिनिटांचा होता म्हणतात. ज्या काळात मोटार घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी घोड्यानं ओढून आणला जाईल असं लोक गृहीत धरत, त्या काळात एक यंत्र दोन दिवस आणि दोन रात्री अखंड चाललं. लेव्हासॉरच्या वेगाचं कौतुक खूप झालं. माझ्या लेखी त्यांचा खरा पराक्रम हा न थांबण्याचा आहे.

निकालाच्या कागदावर

निघालेल्या २२ गाड्यांपैकी मुदतीत पोहोचल्या नऊ. त्यातल्या आठ पेट्रोलच्या. नववी, सगळ्यांत शेवटी आलेली, आमेदे बोले यांची ‘ला नुव्हेल’ ही वाफेची बस. ती बांधली होती १८८० मध्ये. पंधरा वर्षांच्या त्या म्हातारीनं शर्यत पुरी केली याचं कौतुकच आहे, पण वाफेचे दिवस भरल्याचं या एका यादीतून कुणालाही वाचता येत होतं. शार्ल जांतो यांची विजेची गाडीही होती. बॅटऱ्या बदलण्यासाठी त्यांनी वाटेत जागोजागी साठे ठेवले होते. आज बॅटरी बदलून देणारी केंद्रं ही नवी कल्पना म्हणून सांगितली जाते, म्हणून मुद्दाम नोंदवतो. ती गाडी शर्यत पुरी करू शकली नाही.

दुसरी आलेली रिगुलो यांची प्यूजो, ५४ तास ३५ मिनिटं. तिच्यातही आसनं दोनच, म्हणून तीही पहिल्या बक्षिसाला अपात्र. केक्लँ यांची चार आसनी प्यूजो ५९ तास ४८ मिनिटांनी आली आणि ३१,५०० फ्रँक घेऊन गेली. केक्लँ यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, पण त्यांनी फुकटचं काही लाटलेलं नाही. जास्त आसनांची गाडी घेऊन त्यांनी त्याच रस्त्यावर अडीच दिवस काढले आणि अट जशी होती तशी पाळली.

निकालाच्या कागदावर जवळजवळ न दिसणारी एक गाडी होती आंद्रे आणि एदुआर मिशेलँ या भावांची. ‘लेक्लेर’, म्हणजे आकाशात चमकणारी वीज, हे तिचं नाव. या गाडीच्या चाकांवर हवा भरलेले टायर होते. मोटार शर्यतीत हवेचे टायर तोवर कुणी आणले नव्हते. सायकलसाठी मिशेलँचे टायर १८९१ पासूनच गाजत होते. मोटारीच्या वजनाखाली मात्र ते पुन्हा पुन्हा फुटले. बरोबर घेतलेल्या २२ ट्यूब संपल्या. मग रस्त्याकडेला बसून ठिगळं लावणं आलं. शंभर तासांची मुदत उलटून गेली. मोटारीला हवेचे टायर कधी चालणार नाहीत, असं लेव्हासॉर म्हणाल्याचं सांगतात. ४८ तास भरीव रबरावर हाडं खिळखिळी करून घेतलेला माणूस तसं म्हणाला असेल, तर तो त्या दिवसापुरता बरोबर होता. पुढच्या काही वर्षांत शर्यतीच्या गाड्यांवर भरीव रबर उरलं नाही.

अट कुठे कमी पडली

समितीपुढे निकालाच्या दिवशी दुसरा मार्ग नव्हता. अट आधी जाहीर झालेली, वर्गणीदारांचे पैसे त्या अटीवर घेतलेले. लेव्हासॉरसाठी ती वाकवली असती, तर केक्लँवर खराखुरा अन्याय झाला असता.

चूक असलीच तर ती मागची होती. समितीनं शर्यत भरवली घड्याळावर आणि बक्षीस बांधलं आसनांना. वर्तमानपत्रं आणि लोक आसनं मोजत बसले नाहीत. सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा गेला, ४८ तास ४८ मिनिटं. १८९४ मध्ये जिफारनी निदान शर्यत हा शब्द तरी दूर ठेवला होता. १८९५ मध्ये तो दरवाजा उघडला गेला आणि एकदा घड्याळ लावल्यावर उपयुक्ततेला बक्षीस देऊन भागणार नव्हतं. कारखानदारांनाही ते कळलं. गिऱ्हाईक चार आसनांची गाडी घेईल, पण कुणाची घ्यायची हे तो शर्यतीचा निकाल वाचून ठरवणार. दोन आसनांची गाडी पळवून चार आसनांच्या गाड्या विकायच्या, हा हिशेब इथून सुरू झाला. मला तो लेव्हासॉरच्या निवडीत आधीच दिसतो.

त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला द दियों, झुइलेन आणि मंडळींनी ओतोमोबिल क्लब द फ्रान्स स्थापन केला. मोठ्या शर्यतींची सूत्रं त्याच्याकडे गेली. १९०३ पर्यंत जगात बनणाऱ्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या फ्रान्समध्ये बनत होत्या.

लेव्हासॉरना यातलं फारसं पाहायला मिळालं नाही. १८९६ च्या पॅरिस–मार्सेय–पॅरिस शर्यतीत ओरांजजवळ त्यांच्या गाडीसमोर कुत्रा आला. ते फेकले गेले, जबर मार बसला, गाडी पुढे दोस्तांगनं नेली. १४ एप्रिल १८९७ ला पॅरिसमध्ये ते वारले. पोर्त मायो इथं १९०७ मध्ये त्यांचं दगडी स्मारक उभारलं गेलं. शिल्पात ते दांडा धरून गाडीवर बसलेले आहेत.

बोर्दोचा रस्ता मात्र शर्यतींतून सुटला नाही. २४ मे १९०३ ला व्हर्सायहून पॅरिस–माद्रिद शर्यत निघाली, पहिला टप्पा बोर्दो. आता गाड्यांत अकरा-बारा लिटरची इंजिनं होती आणि वजन कमी करायला सांगाड्यांना भोकं पाडलेली होती. लेव्हासॉरना बोर्दो गाठायला साडेबावीस तास लागले होते. फेर्नां गाब्रिएल यांच्या मोर्स गाडीनं ५५२ किलोमीटरचा टप्पा ५ तास १४ मिनिटांत उरकला, सरासरी ताशी १०५ किलोमीटर. दुतर्फा गर्दी होती आणि पुढच्या गाडीच्या धुळीत मागच्याला काही दिसत नव्हतं. प्वातिए आणि रुफेकच्या मधल्या कूए-व्हेराकजवळ मार्सेल रेनो यांची गाडी रस्ता सोडून गेली. त्या जखमांनी ते वारले. टप्पाभर चालक, मेकॅनिक आणि रस्त्याकडेची माणसं मेली. सरकारनं शर्यत बोर्दोलाच थांबवली आणि इंजिन सुरू करायलाही बंदी घातली. गाड्यांना घोडे जुंपले गेले आणि घोड्यांनी त्या ओढत बोर्दोच्या रेल्वे स्टेशनवर नेल्या.